पैसे नसल्याचे पैसे

रायगड जिल्ह्यात पेण आणि रोहा ही गावं तशी जवळजवळच. कासू, नागोठणे, निडी एवढी स्टेशनं मागे पडली की पेणचा माणूस रोह्यात उतरतो. पेण नावाजलेलं ते गणपतींसाठी आणि पोह्या-पापडांसाठी. रोहा धावीर महाराजांसाठी, कुंडलिकेसाठी आणि धाटावच्या केमिकल कंपन्यांसाठी. पण ज्याला बँक या विषयाचा मुळापासून अभ्यास करायचा आहे, त्याने फोर्टात हेलपाटे न घालता या दोन गावांत मुक्काम ठोकावा, असं माझं मत आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रोह्याचे. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण रोहेकर तो तपशील फारसा मनावर घेत नाहीत. आणि अख्खी बँक बुडते म्हणजे नेमकं काय होतं, हे पेणच्या माणसाला पुस्तकात वाचावं लागत नाही. बँक कशी चालवावी आणि कशी चालवू नये, हे दोन्ही धडे रेल्वेच्या एका तिकिटात.

या दोन धड्यांच्या मधल्या पानांवर आपलं सगळं आयुष्य जातं. त्या पानांचं नाव चार्जेस.

खात्यात आहेत त्याहून जास्त पैसे कुणी काढले, म्हणजे ओव्हरड्राफ्ट झाला, तर बँकेने त्याच्याकडून दंड घ्यावा का, हा प्रश्न परदेशात फार गाजतो. अमेरिकेतल्या बँका त्या बाबतीत मोठ्या मनाच्या. खात्यात तीन डॉलर असताना तुम्ही चार डॉलरची कॉफी मागितलीत, तर बँक चारचौघांत तुमची शोभा करत नाही. वरचा डॉलर ती स्वतः घालते. मग घरी गेल्यावर, एकांतात, पस्तीसेक डॉलर कापून घेते. पेणहून न्यू जर्सीला गेलेल्या माझ्या भाच्याला हा अनुभव आला, तेव्हा त्याच्या आईने फोनवर एवढंच विचारलं, "अरे, तेवढ्यात इथे फूटभर उंचीचा शाडूचा गणपती आला असता. कॉफी निदान मोठ्या कपात तरी होती का?" या प्रकारावर तिथे इतकी ओरड झाली, की २०१० पासून डेबिट कार्डावर आणि एटीएमवर अशी सवलत द्यायची तर आधी ग्राहकाची संमती घ्यावी, असा नियम करावा लागला. इंग्लंडने २०२० मध्ये असे ठोक दंडच बंद केले आणि जे काय घ्यायचं ते सरळ व्याज म्हणून घ्या, असं बँकांना सांगितलं. बँकांनी ते मान्य केलं आणि व्याज चाळीस टक्क्यांच्या आसपास नेऊन ठेवलं. बँक कुठलीही असो, ती शब्दाला पक्की असते.

आपल्याकडे साध्या बचत खात्याला ही चैन परवडत नाही. नाहीत म्हणजे नाहीत. एटीएम सरळ तोंडावर सांगतं, शिल्लक अपुरी आहे. पण त्या सांगण्याचेही पैसे पडतात. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर, आणि काही बँकांत स्वतःच्याही एटीएमवर, नकार मिळाला की वीस-पंचवीस रुपये कापले जातात. वर अठरा टक्के जीएसटी. पंचवीस रुपयांवर साडेचार रुपये कर म्हणजे झाले साडेएकोणतीस. आपल्याकडे पैसे नाहीत हे माणसाला घरात फुकट कळतं. तेच यंत्राकडून अधिकृतपणे कळवून घ्यायचं तर साडेएकोणतीस रुपये मोजावे लागतात. आणि हा कर सेवेवरचा आहे, हे लक्षात घ्या. कोणती सेवा? तर पैसे न देण्याची.

तरी हा किरकोळ मामला. खरी विद्या आहे ती 'महिन्याची सरासरी शिल्लक' या प्रकरणात. समजा, सरासरी दोन हजार रुपये ठेवायला हवेत. धाटावला कंत्राटावर काम करणाऱ्या एका पोराच्या खात्यात एक तारखेपासून तीस तारखेपर्यंत रोज एकोणीसशे रुपये आहेत. त्याने त्यातल्या एका रुपयाला हात लावलेला नाही. हा दंडाला पात्र. त्याच्याच ठेकेदाराने एक तारखेला साठ हजार भरले, दोन तारखेला सगळे काढले आणि पुढचे एकोणतीस दिवस खात्यात भोपळा ठेवला. साठ हजार भागिले तीस, सरासरी बरोबर दोन हजार. हा सन्माननीय ग्राहक. म्हणजे बँकेला रोजचा काटकसरी माणूस नको आहे. तिला महिन्यातून एक दिवस श्रीमंत असणारा हवा आहे.

शिवाय गरिबीचा दर गावागणिक वेगळा. लोकसंख्या दहा हजारांच्या वर आणि लाखाच्या आत असली, की रिझर्व्ह बँकेच्या लेखी ते गाव निमशहरी. पेण निमशहरी, रोहाही निमशहरी. त्यामुळे दहा हजारांच्या आतल्या खेड्यात राहून कफल्लक असणं स्वस्त पडतं, पेणच्या बाजारपेठेत त्याला जास्त पैसे लागतात आणि मुंबईत तर ते फक्त श्रीमंतांनाच झेपतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने नव्या ग्राहकांसाठी किमान सरासरी शिल्लक मोठ्या शहरांत पन्नास हजार आणि निमशहरी भागात पंचवीस हजार केली. पेण-रोह्याच्या माणसाला आपण पंचवीस हजारांचे निमशहरी आहोत हे कळून जरा बरं वाटू लागलं होतं. तेवढ्यात गदारोळ झाला आणि काही दिवसांतच आकडा साडेसात हजारांवर आला. इतक्या झपाट्याने घसरलेली आमची प्रतिष्ठा अजून सावरलेली नाही. मधल्या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी सांगून टाकलं होतं, की किमान शिल्लक किती ठेवायची हे ज्या त्या बँकेने ठरवावं.

बँकांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. आमचे एक सोसायटीतले शेजारी बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि संध्याकाळी गच्चीवर बँकांची बाजू मांडतात. ते म्हणतात, "खातं सांभाळायला खर्च येतो हो. शाखेचं भाडं, सर्व्हर, एटीएम, स्टाफ. तुम्ही शंभर रुपये ठेवून पासबुकात महिन्यातून चारदा एंट्री मारून घेणार, तर तो खर्च कुणी करायचा?" मुद्दा बिनतोड आहे. फक्त त्याचा हिशेब जरा उलटा बसतो. २०१७ च्या एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत स्टेट बँकेने किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांकडून १,७७१ कोटी रुपये गोळा केले. त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीतला बँकेचा निव्वळ नफा होता १,५८१ कोटी. देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेचा तिमाहीचा नफा आणि देशातल्या सर्वांत रिकाम्या खात्यांतली वसुली यांची शर्यत लागली आणि रिकामी खाती पुढे निघाली. शेजाऱ्यांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणूनच मार्च २०२० मध्ये बंद केलं ना!" तेही खरं. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बडोदा आणि इंडियन या सरकारी बँकांनीही हा दंड सोडला. आता प्रश्न असा पडतो, की सोडल्यावर त्यांचा सर्व्हर चालतोच आहे, तर आधी तो कशावर चालत होता?

पेणला ओव्हरड्राफ्टची खरी ओळख मात्र बचत खात्यातून झालेली नाही. ती झाली गणपतीच्या कारखान्यांतून. कारखाना म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला चिमणी आणि भोंगा आठवतो. पेणला, हमरापूरला, जोह्याला कारखाना म्हणजे गणपतीचाच. या धंद्याचं गणित असं, की खर्च बारा महिने आणि आवक भाद्रपदाच्या तोंडावर. गुजरातेतून येणारी शाडू माती, साचे, रंग, आखणी करणाऱ्या कसबी हातांची मजुरी, मूर्ती ठेवायला जागेचं भाडं, सगळं आधी. अशा माणसाला बँक कॅश क्रेडिट देते, म्हणजे मालाच्या किमतीवर ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे उचलायचे, आवक झाली की भरायचे आणि जेवढे दिवस जेवढे वापरले तेवढ्याचंच व्याज द्यायचं. या युक्तीचा उगम १७२८ सालच्या एडिंबरोत सांगतात. तिथल्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्याला त्याच्या खात्यातल्या रकमेहून हजार पौंड जास्त काढू दिले. हॉगचं दुखणं आमच्या कारखानदाराचंच होतं, द्यायचे आज आणि यायचे उद्या.

यात तारण काय? तर माल. आणि माल कोण? तर साक्षात गजानन. बँकेच्या कागदावर गणपती नजरगहाण असतात. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं: एक फुटी इतके, दीड फुटी इतके, कच्चे इतके, रंगवलेले इतके. साहेब पाहणीला येतात. नव्याने बदली होऊन आलेले असले तर चपला बाहेर काढून आत शिरतात आणि तारणाला नमस्कार करून मग मोजायला घेतात. मोजताना अडचण येते ती उंदरांची. ते वेगळे धरायचे की मूर्तीत धरायचे? कारखानदार हात जोडून सांगतो, "साहेब, तो मूर्तीबरोबरच जातो, त्याचे वेगळे पैसे कोण देत नाय." ज्या विघ्नहर्त्याकडे लोक कर्ज फिटू दे म्हणून नवस बोलतात, तोच इथे कर्जापोटी गहाण बसलेला, आणि चतुर्थी झाली की न विकलेल्या तारणाला पुढचे अकरा महिने फारसं कुणी विचारत नाही. जगातली कुठलीही बँक इतकं नाशवंत आणि इतकं पूजनीय तारण एकाच वेळी सांभाळत नसेल.

आता या कारखानदाराने मर्यादेच्या वर पैसे उचलले, किंवा स्टेटमेंट वेळेवर दिलं नाही आणि बँकेने दंड लावला, तर मी बँकेच्या बाजूने उभा राहीन. त्याने मागितलं, बँकेने दिलं, अटी ठरल्या, सही झाली. अट मोडली तर भुर्दंड पडणारच. पूर्वी हा दंड व्याजात मिसळायचा आणि मग दंडावर व्याज, त्या व्याजावर व्याज असं मूषकाच्या वंशासारखं वाढत जायचं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये त्याला वेसण घातली. दंड हा दंड म्हणून वेगळा लावा, तोही वाजवी, आणि त्यावर पुन्हा व्याज चढवू नका. उचल मागून घेतली असेल तर तिचे पैसे देण्यात अन्याय नाही. अन्याय सुरू होतो तो न मागणाऱ्याच्या खात्यात.

किराणा दुकानदाराचंच बघा. त्याच्या वहीत आमच्या आळीतल्या निम्म्या घरांचा ओव्हरड्राफ्ट चालू असतो. उधारी लांबली की तोही चार्ज लावतो, पण तो शब्दांत. "काय काका, दिसला नाहीत बऱ्याच दिवसांत? तब्येत बरी ना?" ही पहिली नोटीस. "वहिनींना म्हणावं, वही बदलतोय," ही दुसरी. तिसरीला तो साखर संपल्याचं सांगतो. पण तुमच्याकडे उधारी नाही, खरेदी नाही, तुम्ही नुसतेच त्याच्या दुकानासमोरून रिकामी पिशवी घेऊन चालला आहात, तर पिशवीची किमान सरासरी राखली नाही म्हणून त्याने तुमच्या खिशातून पैसे काढून घेतल्याचं आमच्या पेठेत कुणी ऐकलेलं नाही.

नियमच नाहीत असंही नाही. रिझर्व्ह बँकेचे नियम वाचले की डोळे भरून येतात, इतके ते मायाळू आहेत. एप्रिल २०१५ पासून असं ठरलं आहे, की शिल्लक कमी झाली तर बँकेने आधी ग्राहकाला कळवायचं, भरायला महिन्याची मुदत द्यायची, दंड तुटीच्या प्रमाणात लावायचा आणि नुसत्या या दंडापायी बचत खातं उण्यात जाऊ द्यायचं नाही. ज्याला किमान शिल्लक झेपत नाही त्याच्यासाठी मूलभूत बचत खातं २०१२ पासून आहे. त्यात शून्य रुपये असले तरी चालतात आणि जुनं साधं खातंही त्यात बदलून घेता येतं. जनधन खात्यावर पात्र माणसाला दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्टसुद्धा मिळू शकतो. फक्त ही माहिती शाखेतल्या ज्या फलकावर लावलेली असते, त्याच्यासमोर वॉटर कूलर ठेवलेला असतो. एका शाखेत मी कूलरच्या बाजूने मान वाकडी करून वाचत होतो, तर शिपाई म्हणाला, "काका, ग्लास वर आहे."

मग काउंटरवर गेलो आणि मूलभूत बचत खातं मागितलं. मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या घड्याळाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, घरी सगळं ठीक आहे ना?" या एका प्रश्नाची भीती घालून बँका किती कोटी वाचवत असतील, त्याचा आकडा अजून संसदेत कुणी विचारलेला नाही.

कागदावरचे नियम आणि खात्यातली वजाबाकी यांची जाहीर गाठ पडली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये. लाडकी बहीण योजनेचे दोन महिन्यांचे मिळून तीन हजार रुपये बायकांच्या खात्यांत आले. बऱ्याच जणींची खाती कधीकाळी उघडून विसरलेली. त्यावर मागचे चार्जेस दबा धरून बसलेले. पैसे आत आले आणि काही खात्यांतून तसेच बाहेर गेले. ओवाळणी भावाने टाकली आणि तबकानेच उचलली, असा प्रकार झाला. राज्यभर तक्रारी सुरू झाल्यावर, हे पैसे कापू नका असं सरकारला बँकांना सांगावं लागलं. ज्यांच्या खात्याकडे ही योजना, त्या मंत्री आदिती तटकरे रोह्याच्या. चिंतामणरावांच्या गावाने बँकांना चार शब्द सुनावण्याची ही काही पहिली वेळ नव्हती.

चिंतामणराव १९४३ ते १९४९ गव्हर्नर होते. रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली ती १ जानेवारी १९४९ ला, त्यांच्याच कारकिर्दीत. बँकांना शिस्त लावणारा बँकिंग कायदाही त्याच वर्षीचा. पुढे ते अर्थमंत्री असताना इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, हेतू हा की बँक खेड्यापाड्यांत पोचावी. पोचली. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपद सोडून देणाऱ्या या माणसाला, आपण दारात नेऊन सोडलेली बँक आत येण्याचेही पैसे घेईल, याची कल्पना असण्याचं कारण नव्हतं.

आणि पेण? २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले तेव्हा तिथे सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. बोगस कर्जखाती दाखवून शेकडो कोटी बाहेर गेले होते. कुणाचं लग्न ठरलेलं, कुणाचं ऑपरेशन, कुणाची नुकतीच निवृत्ती. ठेवीवर विम्याचं संरक्षण तेव्हा लाखापर्यंतच होतं, ते पाच लाखांवर गेलं २०२० मध्ये. या लोकांनी आयुष्यभर किमान शिल्लक राखली होती. किमान काय, कमाल राखली होती. राखली नाही ती समोरच्या बाजूने. त्या तुटीचा मेसेज मात्र कुणाच्या मोबाइलवर आला नाही, महिन्याची मुदत मिळाली नाही आणि तुटीच्या प्रमाणात भरपाई तर नाहीच नाही. लोक वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. पेणचा माणूस पासबुकात एकशे अठरा रुपयांची वजाबाकी बघून जो हसतो, त्या हसण्यात हे सगळं असतं. बाहेरून बदलून आलेल्या साहेबांना वाटतं, ग्राहक समाधानी आहे.

तेव्हा न्याय काय, असं मला विचाराल तर उत्तर सोपं आहे. तूट दोघांची होते, दंड दोघांना हवा. मी ग्राहकाच्या बाजूने एक दरपत्रक तयार केलं आहे. प्रिंटर बंद असल्यास पन्नास रुपये. 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असं म्हटल्यास शंभर. उद्या आल्यावर पुन्हा तेच म्हटल्यास दोनशे, मात्र त्यावर व्याज नाही, कारण रिझर्व्ह बँकेला ते आवडत नाही. केवायसीसाठी तेच आधार कार्ड पुन्हा मागितल्यास झेरॉक्सचे पैसे अधिक चालण्याचे. सर्वांवर अठरा टक्के जीएसटी.

हसू नका, याला आधार आहे. एटीएममधून नोटा आल्या नाहीत आणि खात्यातून मात्र रक्कम गेली, तर पाच दिवसांत ती परत जमा व्हायला हवी. नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे शंभर रुपये बँकेने ग्राहकाला, त्याने न मागता, द्यायचे असा नियम २०१९ पासून आहे. मागा. नाही दिले तर बँकेकडे लेखी तक्रार करा, तीस दिवस थांबा आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही; मी दोनदा विचारून खात्री केली, कारण फी नाही हे ऐकायची सवय राहिलेली नाही.

त्याहून मजेदार नियम २०२१ चा. एटीएम महिन्यात एकूण दहा तासांपेक्षा जास्त वेळ रिकामं राहिलं, तर बँकेला दर एटीएममागे दहा हजार रुपये दंड. हा खरा किमान शिल्लकेचा नियम! गणपतीत चाकरमानी उतरले की दुपारपर्यंत खडखडाट होणाऱ्या आमच्या बाजारपेठेतल्या एटीएमकडे मी त्या दिवसापासून आदराने बघू लागलो. पण पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, की हा दंड जातो रिझर्व्ह बँकेकडे. म्हणजे यंत्र रिकामं राहिलं तर दहा हजार मिळतात रिझर्व्ह बँकेला, आमचं खातं रिकामं राहिलं तर दंड मिळतो बँकेला आणि दोन्हींवरची चर्चा मिळते आम्हाला. आमच्याकडे कुठूनच काही येत नाही, म्हणून शिल्लक राहत नाही. शिल्लक राहत नाही म्हणून कापले जातात. कापले गेले की शिल्लक आणखी कमी होते. आणि बँकेतले आमचे निवृत्त शेजारी गच्चीवरून सांगतात, की तुम्हा लोकांना बचतीची सवयच नाही.